गुरुवारच्या आधी

पाषाण, पुणे
मंगळवार, रात्री पावणेबारा

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

तू भिंतीपलीकडे झोपली आहेस आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुला पत्र लिहितोय. आईने पाहिलं तर म्हणेल, उठवा तिला आणि बोला. पण संध्याकाळी गुरुवारच्या तपासणीबद्दल बोलायला गेलो तेव्हा काय झालं ते आपण दोघांनी पाहिलं. "बाबा, मला आणखी एक नॉर्मल रिपोर्ट नकोय," म्हणालीस आणि दार लावून घेतलंस. त्यावर तेव्हा मला काही सुचलं नाही. आता थोडं सुचलंय. तोंडाने सांगायला गेलो तर पुन्हा आवाज चढेल, म्हणून लिहितो.

आधी पेढ्यांचं.

जूनमध्ये तुझ्या मेंदूचा एमआरआय झाला. रात्री साडेअकराची वेळ मिळाली होती. कर्वे रस्त्यावरून परत येताना पाऊस होता आणि तू रिक्षात डोळे मिटून बसली होतीस. दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट आणला. गाठ नाही, रक्तस्राव नाही, स्ट्रोकची खूण नाही. येताना अर्धा किलो पेढे घेतले, देवापुढे ठेवले, शेजारी दिले. तू हातातला पेढा तसाच बशीत ठेवलास आणि म्हणालीस, "म्हणजे आता मला कोणी काही विचारणार नाही."

मला वाटलं, दमली आहेस. पण झालं अगदी तसंच. त्या दिवसानंतर आम्ही विचारणं सोडलं. पापणी उतरलेली दिसली की "झोप झाली नाही वाटतं." जेवताना जबडा थकतो म्हणालीस की "भूक नसेल." आत्या म्हणाली, लग्न ठरलं की सगळं जाईल. आईने मीठ-मोहरीने दृष्ट काढली. ज्या डॉक्टरांनी सात-आठ मिनिटांत फाइल चाळून "टेन्शन घेऊ नका" म्हणत झोपेची गोळी लिहून दिली, त्यांच्यासमोर मी मान डोलावली. तू माझ्याकडे पाहत होतीस. ती नजर मला विसरता येत नाही. मला माफ कर.

माझी चूक इतरांपेक्षा मोठी आहे, कारण मला हे कळायला हवं होतं. अठ्ठावीस वर्षं मी खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर काढली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, चौदा मधल्या चौकात आणि सोळा तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. तू तिसरीत असताना विज्ञान दिनाला तुला तिथे नेलं होतं. एका अँटेनाखाली उभी राहून तू विचारलं होतंस, "बाबा, हिला काय दिसतं?" मी सांगितलं होतं, हिला एकटीला फार काही दिसत नाही. तिसांचं ऐकलेलं एकमेकांशी जुळवून पाहायचं, मग चित्र होतं. ते जुळवणाऱ्या यंत्रणेला आम्ही कोरिलेटर म्हणतो. माझी निम्मी नोकरी तिच्या केबल तपासण्यात गेली.

तुझा रिपोर्ट आज पुन्हा वाचला. शेवटच्या ओळीत लिहिलंय, "क्लिनिकल कोरिलेशन सुचवले आहे." माझ्याच धंद्यातला शब्द, आणि जूनमध्ये मी त्यावरून नुसती नजर फिरवली. त्या ओळीचा अर्थ इतकाच की चित्र एकटं पुरेसं नाही, ते पेशंटशी जुळवून पाहा. रेडिओलॉजिस्टने प्रामाणिकपणे सांगितलं होतं की माझ्याकडे एकाच अँटेनाचं ऐकू आलेलं आहे. आम्ही त्यालाच निकाल मानलं.

एमआरआय म्हणजे तरी काय? नेहमीचं मशीन १.५ टेस्लाचं, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. त्या चुंबकात शरीरातल्या पाण्यातला हायड्रोजन सुमारे ६४ मेगाहर्ट्झला साद देतो आणि त्या सादेतून चित्र उभं राहतं. आम्ही खोडदला १४२० मेगाहर्ट्झला आकाशातला हायड्रोजन ऐकायचो. रीत वेगळी, पण हायड्रोजन तोच आणि कान रेडिओचाच. एखाद्या रात्री एखाद्या दिशेने काही ऐकू आलं नाही, तर तिथे काही नाही असं आमच्यापैकी कोणी कधी लिहिलं नाही. या वेळी, या फ्रिक्वेन्सीला, इतक्या संवेदनक्षमतेने काही मिळालं नाही, एवढंच लिहायचो. काही तारे तर मधूनमधूनच बोलतात. ते गप्प असताना अँटेना वळवली तर आकाश रिकामंच दिसणार. तुझा त्रास संध्याकाळचा, आणि तू मशीनमध्ये झोपलीस ती दिवसभर रजा घेऊन, विश्रांती झाल्यावर.

उलटंही असतं. अँटेनाला जे ऐकू येतं ते सगळं आकाशातलं नसतं. जुन्नर भागातल्या विजेच्या तारा आणि मोबाइल टॉवर यांचा गोंगाट वेगळा काढण्यातच आमचे महिने जायचे. रिपोर्टमधल्या त्या दोन-तीन पांढऱ्या ठिपक्यांवरून तू रात्ररात्र फोनवर मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराबद्दल वाचत होतीस, हे मला माहीत आहे. पाणी प्यायला उठलो की तुझ्या दाराखाली उजेड दिसायचा. नव्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवर न थांबता सीडी स्वतः उघडून पाहिली, तेव्हा काय म्हणाल्या ते आठव. असे ठिपके मायग्रेन असलेल्यांत दिसतात, रक्तदाब असलेल्यांत दिसतात, काही त्रास नसलेल्यांतही दिसतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये ते ठरावीक जागी असतात, आणि वेगवेगळ्या काळात झाल्याचा पुरावाही पाहतात. तुझे तसे नाहीत. तेवढी एक भीती तरी खाली ठेव.

बी-१२ जीवनसत्त्वाबद्दल आईचं म्हणणं होतं, तेच कारण आहे, इंजेक्शनं झाली की बरं वाटेल. तिचं अर्धं बरोबर होतं. आपण पिढ्यान्पिढ्या शाकाहारी, आणि आपल्याच पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ही कमतरता आपल्या लोकांत किती पसरलेली आहे ते बरीच वर्षं अभ्यासून दाखवलंय. तुझं बी-१२ कमी होतंच. इंजेक्शनं झाली आणि पायाच्या मुंग्या गेल्या. पापणी, आवाज आणि हात मात्र तसेच राहिले. एक खरं कारण सापडल्यावर दुसरं शोधायचं थांबणं, ही आपली जुलैमधली चूक.

आता वहीचं. ऑगस्टमध्ये मी दोनशे पानी वही आणून तुझ्या नोंदी ठेवायला लागलो तेव्हा तू चिडलीस. "मी काय तुमचा तारा आहे का?" म्हणालीस. तरी मी लिहीत राहिलो, कारण मला दुसरं काही येत नाही. तारीख, वेळ, त्याआधी काय केलं, काय झालं, किती वेळ टिकलं, विश्रांतीनंतर काय. आजपर्यंत त्रेचाळीस नोंदी झाल्या. त्यातल्या अडतीस दुपारी चारनंतरच्या आहेत. शाळेत शिकवताना पाचव्या तासानंतर आवाज नाकात जातो. फळ्यावर वरच्या ओळी लिहिताना खडूचा हात खाली येतो. केस विंचरताना मध्ये थांबावं लागतं. जिना उतरताना पायऱ्या दोन-दोन दिसतात. आणि रविवारी दुपारी झोपून उठलीस की तासभर सगळं ठीक. काळजीने होणारा त्रास असा शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे येत असेल का, हे मला ठरवता येत नाही. पण हे कोणीतरी नीट पाहायला हवं, एवढं मला त्या रकान्यांवरून दिसलं.

बाईंनी ती वही पंधरा मिनिटं वाचली. मग तुला छताकडे एकटक बघायला सांगितलं. मी घड्याळ पाहत होतो. चाळीस सेकंदांनी डावी पापणी उतरायला लागली. मग मोठ्याने शंभरपर्यंत आकडे म्हणायला लावले, आणि साठच्या पुढे तुझा आवाज बदलला. मग त्यांनी हातमोज्यात बर्फ घालून तो दोन मिनिटं मिटलेल्या पापणीवर धरला. बर्फ काढला तेव्हा पापणी वर होती. तुला आरसा दिला नव्हता, म्हणून तुला दिसलं नाही. मला दिसलं, मुक्ता. पाच महिन्यांत पहिल्यांदा तुझा त्रास एका परक्या माणसासमोर, भर दुपारी, मोजता येईल असा उभा राहिला. मी खिडकीकडे वळलो, कारण मला रडू आलं होतं.

त्यांनी मायस्थेनिया ग्रेव्हिस हे नाव घेतलं, पण शक्यता म्हणून. मी ते वहीत पेन्सिलीने लिहिलंय. नस जिथे स्नायूला भेटते तिथे निरोप पोचवणारं एक रसायन असतं. या आजारात शरीराचीच प्रतिकारशक्ती ते रसायन झेलणाऱ्या जागा निकामी करते. मग पहिले निरोप पोचतात, पुढचे कमी पडत जातात, आणि विश्रांतीनंतर पुन्हा पोचतात. बिघाड त्या सांध्यात असेल तर मेंदूचा फोटो साफच येणार. १९३४ साली लंडनमधल्या ग्रीनिचला मेरी वॉकर नावाच्या डॉक्टर होत्या. या आजाराच्या रुग्णांचा दुबळेपणा क्युरारे या विषाच्या परिणामासारखा आहे, असं तेव्हा मानलं जायचं. त्यावरून त्यांनी त्या विषावरचा उतारा एका रुग्णेला टोचून पाहिला. तिच्या पापण्या काही तासांपुरत्या उचलल्या गेल्या. एमआरआय तेव्हा नव्हताच. बारीक बघणं आणि त्याचा अर्थ लावणं, एवढ्यावर ते झालं.

गुरुवारी जी तपासणी आहे ती मला फार पटली. नसेला सेकंदाला दोन-तीन वेळा बारीक झटका देतात आणि स्नायूचा प्रतिसाद मोजतात. निरोगी माणसात तो सारखाच राहतो. या आजारात पहिल्या चार-पाच झटक्यांत तो उतरत जातो, आणि दहा टक्क्यांहून जास्त उतरला तर दखल घेतात. थोडं टोचेल, मुंगीसारखं. तुला थकवणारा प्रश्न तुझ्या स्नायूला थेट विचारणारी ही पहिलीच तपासणी आहे. म्हणून "आणखी एक रिपोर्ट" यात हिची गणना करू नकोस.

आणि तीही नॉर्मल आली तर? तुझी खरी भीती हीच आहे ना? बाईंना मी दारात थांबून हेच विचारलं. त्या म्हणाल्या, रक्तातली नेहमीची अँटिबॉडी सगळ्यांत सापडत नाही. आजार अंगभर असलेल्यांतही सुमारे पंधरा टक्क्यांत ती नसते, आणि नुसता डोळ्यांपुरता असेल तर जवळपास निम्म्यांत. मग एकेका स्नायूतंतूची आणखी बारीक तपासणी असते. ती याहून संवेदनशील. आणि हे सगळं सोडून त्या शेवटी फंक्शनल म्हणाल्या, म्हणजे रचना शाबूत पण काम करण्याची रीत बिघडलेली, तर तेही एक निदान असतं. ते तपासून, त्याच्या स्वतःच्या खुणा बघून करायचं असतं आणि त्याला उपचार असतात. काही सापडलं नाही म्हणून मारलेला तो शिक्का नव्हे. तसं निघालं तर मी आत्याला स्वतः जाऊन सांगेन की मुलगी नाटक करत नव्हती.

नाव काहीही निघो, तू पाच महिने जे सांगत होतीस ते तसंच होतं. हे मी रिपोर्ट यायच्या आधी लिहून ठेवतोय.

दोन गोष्टी मात्र ऐकायच्याच. घास गिळताना अडकला, पाणी नाकातून आलं, आडवं झाल्यावर श्वास पुरेना झाला, तर सकाळची वाट पाहायची नाही. मला हाक मार, रात्रीचे तीन वाजले असले तरी, आपण थेट इमर्जन्सीला जाऊ. आणि घसा दुखला म्हणून केमिस्टकडून मनाने अँटिबायोटिक आणायचं नाही. काही अँटिबायोटिकांनी हा दुबळेपणा वाढतो, असं बाईंनी मला दोनदा बजावलंय.

गुरुवारी अकराची वेळ आहे. सकाळी हातांना, चेहऱ्याला क्रीम लावू नकोस, इलेक्ट्रोड नीट बसत नाहीत. शाळेत मी कळवलेलं नाही, ते तूच ठरव. जायचं की नाही हेही तूच ठरव. नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही, पण पुढच्या गुरुवारी पुन्हा विचारेन.

वही टेबलावर आहे. आज संध्याकाळची नोंद मी केलेली नाही. भांडताना तुझा आवाज बदलला होता की नाही, ते मला समजलं नाही, कारण मी तुझं ऐकत नव्हतो, माझंच बोलत होतो. तुला आठवत असेल तर तेवढी लिही.

तुझा,
बाबा