डॉक्टर मॅडम, तुम्ही खुर्चीतून उठलात म्हणून

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

नीट पत्र लिहायचं म्हणून बसते आणि ते दिवस आठवून परत छातीत धडधडतं, म्हणून आता जसं येईल तसं लिहिते.

लेकीच्या मानेत गाठ, बोराएवढी, दुखत नाही आणि जातही नाही. त्यात पीयूसी सेकंड इयर, म्हणजे बारावीचं वर्ष, रोज संध्याकाळी अंगात कसकस. बेळगावातल्या एका मोठ्या डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच अँटिबायोटिक लिहिलं, परत गेलो तर परत तेच. दुसऱ्यांनी मोबाइल बघत बघत पोरीसमोरच "कॅन्सरपण असू शकतो" म्हणून टाकलं, फी तेवढी आधीच काउंटरवर घेतलेली. सासूबाईंचं आपलं एकच, गंडमाळ आहे, चुना लावा. पण एकानंही त्या गाठीला बोट लावलं नव्हतं हो.

तुम्ही उठलात. हात गार होते म्हणून आधी एकमेकांवर चोळलात, पोरीच्या मागं उभ्या राहिलात आणि मानेच्या दोन्ही बाजू, कानामागं, गळ्याखालच्या हाडाच्या वर, काखेतसुद्धा सावकाश चाचपून बघितलंत. ती रडायला लागली, मला वाटलं दुखलं. "दुखलं नाही गं आई" म्हणाली आणि रडतच राहिली.

सुईच्या तपासणीत टीबी निघाला. खोटं कशाला सांगू, हादरलेच, उद्या लग्नाची पोर. पण तुम्ही म्हणालात छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे, नुसत्या गाठीचा टीबी शेजारी बसून कुणाला लागत नाही, ताट-वाटी वेगळी करू नका, 6 महिने गोळ्या, त्यापण सरकारी दवाखान्यात फुकट. लघवी लाल होईल हे आधीच सांगितलंत ते बरं झालं, नाहीतर सकाळी घरात बोंबच उठली असती. मधेच गाठ वाढली तरी गोळी सोडायची नाही म्हणालात. वाढलीच ती, पण तुमचा शब्द धरून बसलो, मग उतरली.

चांगली माणसं कमी नाहीत म्हणा. आमच्या खानापूर गाडीचा कंडक्टर पोरीचा उतरलेला चेहरा बघून खिडकीची सीट काढून द्यायचा, त्याला कुणी शिकवलं होतं? मग पाटीवर एवढ्या डिग्र्या लावून बसलेल्यांना खुर्चीतून उठायला काय होतं?

असू दे. कोर्स संपला, पोर चार घास जास्त खायला लागली. शेतातली रताळी काढणीला आलीत, पुढच्या चेकअपला पिशवी भरून आणणार आहे. मागच्यासारखी सिस्टरच्या हाती परत पाठवायची नाही, सांगून ठेवते.