‘मोहिकन’ पुरी वाचा, आणि ‘शेवटचा’ हा शब्द तपासून घ्या

संपादक महोदय,

अमेरिकन लेखक जेम्स फेनिमोर कूपर यांची ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ ही कादंबरी फेब्रुवारी १८२६ मध्ये निघाली. तिला दोनशे वर्षे झाली, म्हणून खानदेशातल्या वाचनालयांत आणि शाळांत तिच्यावर कार्यक्रम व्हायलाच हवेत. त्याआधी एक कळकळीची विनंती: कादंबरी पुरी वाचा. बहुतेकांना ती मुलांसाठी छाटलेल्या पुस्तकात भेटलेली असते, नाहीतर १९९२ च्या चित्रपटात. चित्रपटात गोरा शिकारी हॉकआय आणि कर्नल मन्रोची थोरली मुलगी कोरा यांचे जुळते, दोघेही जगतात आणि कोराची धाकटी बहीण अ‍ॅलिस कड्यावरून उडी घेते. कादंबरीत हॉकआय कुणाच्याच प्रेमात नाही. कोरावर जीव जडतो तो मोहिकन या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीच्या तरुण उंकासचा. ती दोघे मरतात आणि अ‍ॅलिस इंग्रज फौजेतल्या मेजर हेवर्डबरोबर परत जाते.

छाटणीत नेमके काय जाते, त्याचा एकच दाखला देतो. हडसन नदीच्या धबधब्यात एक खडकाळ बेट आहे. तिथल्या गुहेत ही मंडळी दडलेली असताना फ्रेंचांच्या बाजूचे ह्युरॉन जमातीचे लोक चाल करून येतात. बंदुका ठासणीच्या. हॉकआयच्या लांब नळीच्या ‘किलडिअर’ रायफलीचा नेम पक्का, पण नळीला आतून आटे असल्यामुळे गोळी चिंधीत गुंडाळून गजाने दाबत न्यावी लागते. साध्या बंदुकीतून कवायती शिपाई मिनिटाला तीन बार काढी, तेवढ्यात रायफलीचा एखादाच होई. अशा लढाईत बंदुकीची दारू संपत येते. दारूचे मोठे शिंग राहिलेले असते होडीच्या तळाशी. ते आणायला उंकास धावतो, तो होडी प्रवाहाला लागलेली आणि तिच्याआडून एक ह्युरॉन ती ओढून नेतोय! आता लढाई संपली. हॉकआय तिथेच मरायला तयार होतो. तेव्हा कोराच सांगते की नदीतून निसटा, माझ्या वडिलांना गाठा, मदत आणा. छाटलेल्या पुस्तकात शिंगही नसते आणि कोराचे बोलणेही नसते. मग हॉकआय, उंकास आणि उंकासचा बाप चिंगाचगूक हे तिघे बहाद्दर बायकांना टाकून पाण्यात उड्या मारतात, एवढेच पोराला दिसते आणि त्याला ते पटत नाही.

कोराच्या जन्माची गोष्टही अशीच उडवली जाते. तिची आई वेस्ट इंडीजमधली, तिच्या पूर्वजांत गुलामगिरीत विकलेली माणसे होती. कर्नल मन्रो हे १६ व्या प्रकरणात हेवर्डला सांगतो आणि ‘म्हणूनच तू धाकटीला मागणी घालतोस का?’ असा संताप करतो. हे पान गेले तर कोरा आणि उंकासच्या प्रेमाची गाठच कळत नाही.

इतिहासाचेही नीट पाहावे लागते. कादंबरीतला मन्रो ज्याचा किल्लेदार आहे, त्या इंग्रजांच्या फोर्ट विल्यम हेन्रीचा वेढा खरा. १७५७ च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच सेनापती माँकामने सुमारे ८,००० लोकांनिशी मोर्चे बांधत नेले. आतली शिबंदी साधारण २,३०० ची होती आणि मारा करता करता किल्ल्याच्या तोफाच फुटत होत्या. सुमारे २५ किलोमीटरवर फोर्ट एडवर्डला असलेल्या इंग्रज सेनापती वेबने कुमक धाडली नाही. त्याने मन्रोला लिहिलेले पत्र मात्र शत्रूच्या हाती पडले. ९ तारखेला किल्ला पडला, दुसऱ्या दिवशी कत्तल झाली. कूपर तळटीपेत ५०० ते १,५०० चा आकडा देतो, आजच्या अभ्यासात तो २०० च्या आत येतो. कत्तलीचे कारणही कादंबरीत पुरते येत नाही. फ्रेंचांच्या बाजूने लढलेल्या आदिवासी जमातींचा मोबदला म्हणजे लूट. तहात शिबंदीला हत्यारांसह मानाने जाऊ दिले, तेव्हा ती लूट हातची गेली. मन्रोच्या मुली तर कूपरच्या कल्पनेतल्या.

मन्रोच्या मुलींवर सूड उगवणाऱ्या ह्युरॉन मॅग्वाला निव्वळ खलनायक समजू नये. ११ व्या प्रकरणात तो स्वतःच सांगतो: गोऱ्यांनीच दारू पाजली आणि तिच्यापायी मन्रोने चारचौघांत चाबकाने फोडून काढले. पाठीवरचे वळ त्याला लपवावे लागतात. हे वाचताना खानदेशातल्या माणसाला सातपुडा आठवणार नाही असे होत नाही. कादंबरी निघाली त्याच्या आदल्याच वर्षी, १८२५ मध्ये, इंग्रज अधिकारी औट्रमने धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली. डोंगरातल्या माणसाला डोंगरातल्याच माणसाकरवी आवरायचे, ही रीत तिकडेही होती आणि इकडेही. सेंधवा घाटाची राखण करणारा खाज्या नाईक पुढे त्याच इंग्रज सरकारविरुद्ध उठला आणि एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीची लढाई झाली. मॅग्वा कल्पनेतला आणि खाज्या नाईक खरा, म्हणून दोघांना एका मापाने मोजू नये. पण चाकरीतला माणूस उलटतो कसा, हे समजायला ११ वे प्रकरण फार कामाचे आहे.

वाचायला बसताना एक कागद जवळ ठेवा. प्रत्येकाला दोन-तीन नावे आहेत: हॉकआय म्हणजेच ‘ला लाँग कॅराबिन’, मॅग्वा म्हणजेच ‘ल रनार स्युब्तिल’, उंकास म्हणजेच ‘ल सर्फ अजिल’. लिहून ठेवले नाही तर २० व्या प्रकरणानंतर कोण बोलतोय ते कळेनासे होते. पहिली दोन प्रकरणे जड आहेत, तिथे पुस्तक मिटू नका. तिसऱ्यात हॉकआय आणि चिंगाचगूक भेटतात आणि गोष्ट चालू लागते. घाईत असाल तरी शेवटचे, ३३ वे प्रकरण सोडू नका. डेलावेअर जमातीच्या मुली उंकास आणि कोराचे गुण आळवत गातात, आपल्याकडे बाया हेल काढून रडतात तसे. परलोकात दोघांचा संसार होईल असे त्या गातात, आणि इतका जिवाभावाचा हॉकआयसुद्धा ते ऐकून मान हलवतो. देवाच्या दारात रंगभेद नसेल असे या बायांना सांग, म्हणून मन्रो विनवतो. हॉकआय तेही सांगायला नकार देतो. प्रेमाचा आणि वियोगाचा सगळा सल या दोन नकारांत आहे.

राहिला ‘शेवटचा’ हा शब्द. तो खरा नाही. कूपरने मोहिकन आणि कनेक्टिकटमधले मोहेगन या दोन वेगळ्या जमातींची सरमिसळ केली. उंकास हे नाव सतराव्या शतकातल्या एका मोहेगन सरदाराचे. आणि कूपर हे लिहीत होता त्याच दशकात त्याच्याच न्यूयॉर्क राज्यातून मोहिकन कुटुंबे विस्कॉन्सिनकडे हलवली जात होती. त्यांचे वंशज ‘स्टॉकब्रिज-मन्सी’ या नावाने आजही तिथे नांदत आहेत. त्यामुळे कार्यक्रमाच्या फलकावर ‘नामशेष जमातीची कहाणी’ असे कृपया लिहू नये. आणि धडगाव-अक्कलकुव्याकडची भिल्ल, पावरा मुले शाळेत असतील, तर ११ वे आणि ३३ वे प्रकरण वर्गात त्यांच्याकडून वाचून घ्यावे.

आपला,
एक वाचक, अमळनेर