उशीर चालेल, पण रिपोर्ट दाखवा

संपादक साहेब, नमस्कार.

गगनयानची बातमी आली की आमच्या सकाळच्या कट्ट्यावर टिंगल सुरू, 2022 ला माणूस पाठवणार होते, आता 2027 म्हणतायत, तोवर आपणच वर जातो का बघू. मीपण हसतो, पण खरं सांगू का, मला त्या उशिराचं काही वाटत नाही. 21 ऑक्टोबर 2023 आठवतोय का? क्रू एस्केपची, म्हणजे संकटात अंतराळवीरांना रॉकेटपासून दूर नेणाऱ्या यंत्रणेची पहिली टेस्ट, 8 ची वेळ ढकलत ढकलत पावणेनऊवर आली, मी चहा घेऊन टीव्हीसमोर, उलटी मोजणी 5 सेकंदांवर आली आणि कॉम्प्युटरनेच ब्रेक मारला. चहा गार झाला. थोड्या वेळाने तेव्हाचे इस्रो प्रमुख सोमनाथ साहेबांनी स्वतः समोर येऊन सांगितलं की इंजिन पेटलंच नाही, कारण शोधतोय, आणि 10 वाजता उडवलं सुद्धा! आपले अंतराळवीर शुभांशु शुक्लांच्या वेळी पण तेच, त्यांना नेणाऱ्या फाल्कन 9 या अमेरिकन रॉकेटमध्ये ऑक्सिजनची गळती निघाली तेव्हा आपल्या इस्रोच्या लोकांनी आधी नीट दुरुस्त करा म्हणून हट्ट धरला, उड्डाण लांबलं, शेवटी 25 जून 2025 ला गेले आणि सुखरूप आले.

माझी तक्रार वेगळीच आहे. 18 मे 2025 ला इस्रोचं पीएसएलव्ही-सी61 रॉकेट पडलं, तिसऱ्या टप्प्याच्या मोटरमधलं प्रेशर उतरलं. कमिटी बसली, पण तिचा रिपोर्ट लोकांसमोर न ठेवताच 12 जानेवारी 2026 ला सी62 उडवलं आणि परत तिसऱ्याच टप्प्यात गडबड, 16 उपग्रह गेले.

मी भोसरीत ऑटो पार्ट्सच्या एका व्हेंडरकडे 31 वर्षं क्वालिटीत काढली. कस्टमरकडे एक बुश जरी रिजेक्ट झाला तरी व्हाय-व्हाय करून, म्हणजे परत परत 'का' विचारत मूळ कारण शोधून, एट-डी रिपोर्ट (दोष, कारण आणि उपाय लिहिलेला कागद) पाठवल्याशिवाय पुढचा लॉट गेटमधून आत घेत नसत. "ऑपरेटरला समज दिली" असं लिहिलं की कागद तसाच परत, कारण ते कारण नाही, ती पळवाट आहे. आणि तोच दोष दुसऱ्यांदा आला की मग विचारूच नका, साहेब लोक थेट आमच्या लाईनवर येऊन उभे राहायचे.

आता कोणी म्हणेल गगनयानला पीएसएलव्ही नाही, एलव्हीएम3 हे वेगळं रॉकेट आहे. माहितीय. पण संस्था तीच ना, तपासायची पद्धत तीच ना. आणि इस्रोला हे जमत नाही असंही नाही हो, ऑगस्ट 2021 मध्ये जीएसएलव्ही-एफ10 रॉकेट फसलं तेव्हा हायड्रोजनच्या टाकीचा व्हॉल्व्ह लीक झाला हे त्यांनीच जाहीर केलं होतं, आमच्यासारख्याला पण वाचून कळेल असं. मग आत्ताच तोंड बंद का? देशाच्या सुरक्षेचं जे असेल ते झाका की, बाकीचं तरी सांगा.

20,193 कोटींचा प्रोग्रॅम आहे, पैसा आपला आणि आत बसणारी पोरं पण आपली. पहिला माणूस बसवायच्या आधी सी61 आणि सी62 दोन्हीचे रिपोर्ट वेबसाईटवर टाका, दोन-चार पानांचा सारांश असला तरी चालेल. त्यासाठी अजून सहा महिने गेले तर जाऊ देत, कट्ट्यावरच्यांना मी बघून घेतो.

आपला,
एक निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर, भोसरी