खाटेपाशी येणाऱ्या त्या माणसाची नोकरी का गेली? : ब्रिटनच्या गृहमंत्र्यांना खुले पत्र

माननीय गृहमंत्री महोदया,

चाकूहल्ल्यात जखमी झालेल्या माझ्या मुलाला दर आठवड्याला भेटायला येणारा यूथ वर्कर (अशा मुलांशी बोलून त्यांना हिंसेपासून दूर ठेवणारा कार्यकर्ता) यापुढे येणार नाही, कारण त्याच्या नेमणुकीचा निधी 31 मार्चला संपला आणि नवा मंजूर झालेला नाही, असे मला फोनवर कळवण्यात आले. त्या फोनमुळे हे पत्र लिहीत आहे. इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे रवाना केली आहे. मराठीत ते अशासाठी प्रसिद्ध करते की, इथल्या अनेक मराठी घरांत ‘आपल्या मुलांचा याच्याशी काय संबंध’ असे म्हणून चाकूहल्ल्यांचा हा विषय अजूनही बाजूला सारला जातो.

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. शाळा सुटल्यावर चारच्या सुमारास, दक्षिण लंडनमधल्या एका बसथांब्यावर, पंधरा वर्षांच्या मुलाने त्याच्याकडे फोन मागितला आणि तो मिळत नाही असे दिसताच त्याच्या मांडीत सुरा खुपसला. थांब्यावरच्या एका अनोळखी बाईने त्याचाच शाळेचा टाय मांडीवर करकचून आवळला, म्हणून तो वाचला. त्याचे बूट, पँट आणि दप्तर पोलिसांनी तपकिरी कागदी पिशव्यांत भरून पुरावा म्हणून नेले. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आल्यावर त्याने मला पहिल्यांदा काय विचारावे? “आई, आता मीही जवळ काहीतरी ठेवू का?” मंत्रीमहोदया, दरवर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये चाकूच्या धाकाचे आणि हल्ल्याचे सुमारे पन्नास हजार गुन्हे नोंदवले जातात. त्यांतल्या कितीतरी गुन्ह्यांची सुरुवात अशाच एखाद्या घाबरलेल्या प्रश्नातून झालेली असेल.

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. उत्तर त्या यूथ वर्करकडे होते. तो आमच्याच भागात वाढलेला, साध्या जॅकेटमध्ये येऊन खाटेशेजारच्या खुर्चीत बसणारा तरुण होता. पहिल्या दिवशी तो फक्त फुटबॉलवर बोलला. तिसऱ्या भेटीत त्याने माझ्या मुलाला विचारले, “चाकू खिशात असता तर तू तो काढला असतास का, आणि काढल्यावर पुढे काय झाले असते?” दोघे त्यावर तासभर बोलत होते. त्यानंतर माझ्या मुलाने तो विषय पुन्हा काढला नाही. आता मात्र तो बसमध्ये चढायला तयार नाही, रात्री दिवा बंद करू देत नाही, आणि त्याने ज्याच्यावर विश्वास टाकला होता तो माणूस आर्थिक वर्ष संपले म्हणून त्याच्या आयुष्यातून उठून गेला.

जखमी मुलांच्या खाटेपाशी जाऊन बसण्याचे हे काम कोणाच्या लहरीवर सुरू झालेले नाही. लंडनमधल्या कॅम्बरवेलच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात ते 2006 पासून होत आले, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरी रुग्णालयात 2015 साली ‘नॅव्हिगेटर’ नावाने सुरू झाले. व्हाइटचॅपलच्या रॉयल लंडन रुग्णालयातले शल्यविशारद मार्टिन ग्रिफिथ्स यांना 2019 मध्ये हिंसा कमी करण्यासाठीचे राष्ट्रीय वैद्यकीय संचालक नेमले गेले, ते याच अनुभवाच्या बळावर. जखमी मुलगा घाबरून खाटेवर पडलेला असतो, तेव्हा तो ऐकतो. टाके निघून पुन्हा गल्लीत गेल्यावर ऐकत नाही.

ज्या मुलाने माझ्या मुलाला भोसकले, त्याच्याबद्दलचा अहवाल न्यायालयात वाचला गेला, तेव्हा मी तिथे बसले होते. वर्षभरापूर्वी तो स्वतःच चाकूची जखम घेऊन अपघात विभागात आला होता. त्याला टाके घालून त्याच रात्री घरी पाठवण्यात आले. शाळेने त्याला त्याआधीच काढून टाकले होते आणि घराजवळचा यूथ क्लब केव्हाच बंद पडला होता. त्या रात्री त्याच्या खाटेपाशी कोणी बसले नाही. मला त्या मुलाचा राग आहे आणि तो कमी होईल असे वाटत नाही. पण त्याच्यासाठी त्या रात्री कोणी बसले असते, तर माझा मुलगा आज धडपणे चालला असता, हेही मला स्वच्छ दिसते.

आपल्या मजूर पक्षाने 2024 च्या जाहीरनाम्यात दहा वर्षांत चाकूचे गुन्हे निम्म्यावर आणण्याचे वचन दिले आणि तरुणांना मदत करणाऱ्या ‘यंग फ्युचर्स’ केंद्रांचे जाळे उभारू असे सांगितले. देशभरात पन्नास केंद्रे! एकट्या लंडनमध्ये 2010 ते 2019 या काळात जवळजवळ तीस टक्के यूथ क्लब बंद झाले, त्यापुढे हे पन्नास कुठे पुरणार? इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या अर्थविषयक संशोधन संस्थेने त्याचाच हिशेब मांडला आहे: ज्यांच्या जवळचा क्लब गेला त्या 10 ते 17 वयाच्या मुलांमधले गुन्हे सुमारे 14 टक्क्यांनी वाढले, आणि वाचवलेल्या प्रत्येक पौंडामागे समाजाला जवळपास तीन पौंडांची किंमत मोजावी लागली. याला काटकसर म्हणत नाहीत. एका अल्पवयीन मुलाला वर्षभर कोठडीत ठेवायला एक लाख पौंडांहून अधिक खर्च येतो आणि तिथून सुटलेल्या दर तिघांपैकी सुमारे दोघे वर्षभरात पुन्हा गुन्हा करतात. तेवढ्या पैशात किती यूथ वर्कर वर्षानुवर्षे टिकले असते?

पण तुरुंगासाठी पैसा नेहमी मिळतो. हा प्रश्न एका पक्षाचा नाही. सरकारे बदलतात आणि एखादे पोर मेले की तीच वाक्ये बोलली जातात: शस्त्रबंदी, कडक शिक्षा, जास्त झडत्या. सप्टेंबर 2024 मध्ये झॉम्बी चाकूंवर (भीतीदायक दिसणाऱ्या मोठ्या सुऱ्यांवर) बंदी आली, ऑगस्ट 2025 मध्ये निन्जा तलवारींवर आली. दोन्ही योग्यच झाल्या. तरी स्वयंपाकघरातली सुरी प्रत्येक घरात आहे. झडत्यांमध्ये कृष्णवर्णीयांना श्वेतवर्णीयांपेक्षा कितीतरी पट जास्त अडवले जाते, आणि मग त्यांच्याच मुलांनी पोलिसांना माहिती द्यावी अशी अपेक्षा केली जाते. लष्करी शिस्तीच्या शिबिरांची मागणी तर आमच्या ओळखीतही होते. त्याने गुन्हे वाढूही शकतात, असे तरुणांमधली हिंसा रोखण्याचे उपाय तपासणाऱ्या यूथ एन्डाउमेंट फंड या संस्थेने गोळा केलेले पुरावे सांगतात.

आणि मार्ग माहीत नाही, असेही नाही. 2005 मध्ये ग्लासगो ज्यांच्या हद्दीत येते त्या स्ट्रॅथक्लाइड पोलिसांनी गुन्हे-विश्लेषक कॅरिन मॅक्लस्की आणि पोलीस अधिकारी जॉन कार्नोकन यांच्या पुढाकाराने हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानून स्वतंत्र विभाग काढला. तीन वर्षांनी ग्लासगोच्या टोळ्यांतल्या मुलांना शेरीफ न्यायालयात (तिथल्या स्थानिक न्यायालयात) बोलावून पोलिसांनी सज्जड दम दिला, शल्यविशारदांनी जखमा दाखवल्या, मुलगा गमावलेल्या आईने आपले दुःख सांगितले, आणि शेवटी त्यांच्या हाती एक फोन क्रमांक दिला: बाहेर पडायचे असेल तर शिक्षण, काम, उपचार आम्ही देऊ. धाक होता, आणि मदतही खरी होती. स्कॉटलंडमधल्या वार्षिक हत्या आता 2004-05 च्या निम्म्याहून कमी आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2019 साली असेच विभाग काढले गेले, साडेतीन कोटी पौंड दिले गेले, पण एकेका वर्षाचे. सोळा वर्षांच्या मुलाचा विश्वास बसायला जेवढा काळ लागतो, त्याच्या आत पैसे संपतात.

माझी मागणी अशी आहे की, गंभीर जखमींना घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात हे कार्यकर्ते कायम नोकरीवर असावेत, त्यांचा निधी किमान दहा वर्षांसाठी बांधलेला असावा, कारण आपले वचनही दहा वर्षांचेच आहे, आणि शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंतच्या तासांत मुलांना जायला जागा उघडी असावी. समिती नको, सल्लामसलतीची नवी फेरी नको. किती रक्कम, कोणत्या तारखेपासून आणि कोणाच्या जबाबदारीवर, एवढे आपण संसदेत उभे राहून सांगावे.

आपली,
दक्षिण लंडनमधील एक आई