विषय: मेलमधली चित्रं दिसत नाहीत, आणि नाही, रीस्टार्ट करून झालंय

प्रति,
ग्राहक सेवेचे जे कोणी मुख्य असतील ते, आणि त्यांच्या वरचे

दहा मिनिटांपूर्वी तुमच्या माणसाने "आणखी काही मदत हवी आहे का मॅडम" असं विचारून फोन ठेवला. आणखी म्हणजे? आधी काही झाली होती का? म्हणून आता लेखी लिहितेय. तक्रार क्रमांक तुमच्याकडे आहेच, तोच जो तुम्ही दोनदा "सोडवली" असा शेरा मारून बंद केलाय आणि दोन्ही वेळा मला पाच तारे द्या म्हणून मेल पाठवलाय.

मागच्या अपडेटपासून तुमच्या ॲपमध्ये मला आलेल्या मेलच्या मजकुरातली चित्रं दिसत नाहीत. चित्राच्या जागी एक रिकामी चौकट येते, तिच्या कोपऱ्यात फाटक्या कागदासारखं एक चिन्ह. खाली अटॅचमेंटच्या यादीत बघितलं तर तिथे पीडीएफ आहे, चित्र नाही. म्हणजे धड मजकुरात नाही, धड अटॅचमेंटमध्ये नाही. मधल्या मधे गेलं कुठे?

मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करते. क्लायंट पुस्तिकेची पीडीएफ जोडतो आणि मेलमध्येच दुरुस्त्या लिहितो, की पान १४ वर खाली दाखवलेला भाग "झडप" नाही, "झाकण" आहे, आणि त्याखाली चित्र, त्यावर लाल बाण. परवाच्या मेलमध्ये "खाली दाखवल्याप्रमाणे" सात वेळा होतं. मला सात चौकटी दिसल्या. मी विचारलं चित्रं राहिली का, तर उत्तर आलं, "चित्रं मेलमध्येच आहेत, कृपया मेल पूर्ण पाहावा." माणूस असं वाक्य कोणाला लिहितो ते तुम्हाला माहीत असेल. मला इतक्या वर्षांत कोणी लिहिलं नव्हतं, तुमच्या कृपेने तेही झालं.

मग म्हटलं मेल माझ्या सहकारी बाईंना फॉरवर्ड करावा, त्यांच्याकडे तरी दिसतील, तर त्यांच्याकडे चौकटीसुद्धा पोचल्या नाहीत. तुमच्या ॲपने फॉरवर्ड करताना चित्रं गाळूनच टाकली. हे सगळ्यात वाईट, कारण न दिसणं एकवेळ माझ्यापुरतं आहे, पण मी पुढे पाठवलेल्या मेलमधून वस्तू काढून घ्यायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

आता तुमच्या सेवेकडे येऊ. पहिल्या फोनला सांगितलं ॲप बंद करून चालू करा, केलं. फोन बंद करून चालू करा, तेही केलं. मग कॅशे साफ करा. मग ॲप काढून पुन्हा टाका, त्यात माझे तीन ड्राफ्ट गेले जे फक्त फोनवर होते, आणि हे आधी सांगायचं असतं हे त्या माणसाला माहीत नव्हतं. मग अकाउंट काढून पुन्हा जोडा, त्यात अख्खा इनबॉक्स परत उतरायला संध्याकाळ गेली. चित्रं काही आली नाहीत. मग सांगितलं इंटरनेट स्लो असेल. त्याच इंटरनेटवर मी त्याच वेळी त्याच फोनवर व्हिडिओ कॉल करत होते, पण असो.

दुसऱ्या फोनला सांगितलं की सेटिंगमध्ये जाऊन "बाहेरची चित्रं आपोआप दाखवा" हे चालू करा. यावर मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण तुम्ही मेलचं ॲप विकता आणि तुम्हाला हा फरक माहीत असायला हवा. मेलमधली चित्रं दोन प्रकारची असतात. एक, जी मेलबरोबर येतच नाहीत, मेलमध्ये फक्त वेबचा पत्ता असतो आणि मेल उघडल्यावर ॲप ते चित्र पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून आणतं. हीच चित्रं ॲपं मुद्दाम अडवतात, कारण जाहिरातवाले त्यात एक पिक्सेलचं न दिसणारं चित्र लपवतात आणि ते आणलं गेलं की तुम्ही मेल कधी उघडला हे त्यांना कळतं. दुसरी, जी मेलच्या आत बांधून येतात, मजकुराबरोबरच, कुठूनही आणायची नसतात. माझी अडचण या दुसऱ्या चित्रांची आहे. पहिल्या प्रकारचं सेटिंग चालू करून दुसऱ्या प्रकारची चित्रं दिसणार कशी? म्हणजे घरात शिरलेला पाहुणा सापडत नाही म्हणून बाहेरचं फाटक उघडं टाकायला सांगितलंत. मी टाकलं. अकरा दिवस ते उघडं होतं. अकरा दिवस मला मेल पाठवणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला मी कधी मेल उघडला ते कळत होतं आणि माझी चित्रं तरी दिसत नव्हती. कोणी परत फोन करून "ते आता बंद करा हो" म्हटलं नाही. मीच केलं.

आणि आता आजचा फोन. हा मी जसाच्या तसा लिहिणार आहे कारण तुम्ही म्हणता कॉल रेकॉर्ड होतात, तर ताडून बघा.

त्याने विचारलं, "चित्र दिसत नाही म्हणजे मॅडम नेमकं काय दिसतंय?" मी म्हटलं रिकामी चौकट. "म्हणजे चौकट दिसतेय ना?" हो. "मग मॅडम ॲप चालतंय." मी म्हटलं ॲप चालतंय, चित्र दिसत नाही. तो म्हणाला एक मिनिट होल्ड करा. होल्डचं संगीत चार मिनिटं. परत आला आणि म्हणाला, "मॅडम, चित्र पांढरं असू शकतं का?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं काय? तर म्हणे, "म्हणजे मागचं बॅकग्राउंड पांढरं आहे ना, आणि चित्रही पांढरं असेल तर दिसणार नाही."

मी म्हटलं, सातही?

म्हणाला, "होऊ शकतं."

लाल बाण आहेत म्हटलं त्यावर. तो म्हणाला, "पण मॅडम तुम्हाला चित्र दिसत नाहीये, मग बाण आहेत हे कसं कळलं?" आणि खरं सांगते या प्रश्नाला क्षणभर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी सांगितलं की तोच मेल मी ब्राउझरमध्ये उघडला, तिथे सगळी चित्रं आहेत. तर तो खूश होऊन म्हणाला, "अरे वा, मग तिथेच बघा ना!" तुमचं ॲप ज्यासाठी मी दरवर्षी पैसे भरते ते न वापरणं हा तुमचा अधिकृत सल्ला आहे हे मी नोंद करून ठेवलंय.

मग म्हणाला जे चित्र दिसत नाही त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. पाठवला. उघडला त्याने. "मॅडम यात चित्र दिसत नाहीये." हो. "मग मला कसं कळणार कुठलं चित्र आहे ते?" इथपर्यंत मी शांत होते, विश्वास ठेवा. पण त्यानंतर तो म्हणाला, आवाज एकदम मऊ करून, लहान मुलाशी बोलतात तसा, "मॅडम, घरात कोणी आहे का, मुलगा वगैरे, ज्यांना कम्प्युटरचं कळतं? त्यांच्याकडे फोन देता का?"

घरात कोणी आहे का. मी दिवसभर कॉम्प्रेसर आणि कंट्रोल पॅनेलच्या पुस्तिका भाषांतरित करते. दुसऱ्याची माहितीपुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचणं हाच माझा धंदा आहे, आणि तुमच्या सेवा विभागातल्या कोणीही तुमची वाचलेली नाही हे मला दुसऱ्या फोनलाच कळलं होतं. त्या पोराचा दोष नाही, त्याच्या समोर कागद असेल आणि कागदावर हेच लिहिलं असेल. ज्याने तो कागद लिहिला त्याला माझा नमस्कार सांगा.

तर घरात कोणी नसल्यामुळे मीच बघितलं. स्वतःलाच मेल पाठवले. पहिल्यात फक्त मजकूर आणि मधे एक चित्र, तुमच्या ॲपमध्ये दिसलं. दुसऱ्यात तोच मजकूर, तेच चित्र आणि शिवाय एक पीडीएफ जोडली, चित्र गेलं. पीडीएफ काढून पुन्हा पाठवला, चित्र आलं. पीडीएफऐवजी एक साधी टेक्स्ट फाइल जोडली, चित्र गेलं. दुसरा मेल त्याच फोनवर दुसऱ्या ॲपमध्ये उघडला, चित्र आहे. म्हणजे पाठवणाऱ्याचा दोष नाही, सर्व्हरचा नाही, इंटरनेटचा नाही, माझ्या घरात मुलगा नसण्याचा तर नाहीच नाही. मेलला एखादी फाइल जोडलेली असली की तुमचं ॲप आतलं चित्र विसरतं. एवढंच आहे. हे शोधायला मला वीस मिनिटं लागली, तुम्हाला तीन आठवडे झाले.

मग त्या दुसऱ्या मेलचा सोर्स, म्हणजे मेल आतून कसा बांधलाय ते दाखवणारा कच्चा मजकूर, उघडला. बाहेर "मल्टिपार्ट मिक्स्ड" नावाचं मोठं पाकीट, त्यात पीडीएफ आणि आणखी एक आतलं पाकीट, "मल्टिपार्ट रिलेटेड", त्यात मजकूर आणि चित्र. मजकुरात चित्राच्या जागी "सीआयडी" म्हणून एक खूण आणि चित्राच्या डोक्यावर "कंटेंट-आयडी" म्हणून तीच खूण, अक्षर न् अक्षर तीच. चित्रावरच्या खुणेला दोन्ही बाजूंनी टोकदार कंस आहेत आणि मजकुरातल्या खुणेला नाहीत, पण ते तसंच असतं, नियमच तसा आहे, म्हणून कृपया ते कारण पुढे करू नका. पहिल्या मेलमध्ये बाहेरचं पाकीट नव्हतं. मला वाटतं तुमचं ॲप बाहेरचं पाकीट उघडतं, आतल्यातला मजकूर उचलतं आणि चित्र तिथेच टाकून येतं. मला वाटतं म्हणतेय, कारण तुमचा कोड माझ्याकडे नाही. तुमच्याकडे आहे.

हे काही परवा निघालेलं तंत्र नाही. मजकूर आणि चित्र एका पाकिटात कसं बांधायचं आणि खूण कशी लावायची याचे दोन्ही नियम, आरएफसी २३८७ आणि आरएफसी २३९२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक घातलेले दस्तऐवज), १९९८ च्या ऑगस्टमधले आहेत. तेव्हापासून जग असे मेल पाठवतंय. तुमचं स्वतःचं ॲप अपडेटच्या आदल्या दिवसापर्यंत हे करत होतं!

आणि एक. मेलच्या यादीत तुमचं ॲप त्या मेलचा आकार २.४ एमबी दाखवतं. आतली पीडीएफ ३०० केबीची. मेलमध्ये फाइल बेस ६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, लिहिली जाते त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने फुगते हे धरलं तरी ती ४०० केबी झाली. मग उरलेले दोन एमबी कसले आहेत? पांढरे?

यादरम्यान तुमच्या "वरिष्ठ तांत्रिक टीम"चा मेल आला. उपाय आहे म्हणून. पाच पायऱ्या, प्रत्येक पायरीला "खालील चित्रात दाखवलेल्या बटणावर क्लिक करा", सोबत एक पीडीएफ जोडलेली. तुम्ही ओळखलं असेलच. पाच चौकटी. मी हसले, मग मला रडू आलं, मग तो ब्राउझरमध्ये उघडून बघितला तर आतली बटणं कसली होती माहितीये? "बाहेरची चित्रं आपोआप दाखवा." तेच फाटक. परत.

नऊ वर्षं हे ॲप वापरतेय. तेव्हा तुमचं ॲप साधं होतं, मेल आला की दिसायचा, सगळा दिसायचा. आता त्यात माझा मेल माझ्यासाठी लिहून देणारं बटण आलंय, रंग बदलायची अठरा सोंगं आलीत, आणि आलेला मेल पूर्ण दाखवायचं राहून गेलंय. मी स्वतः चार जणांना हे ॲप घ्यायला लावलं होतं. आता त्यांना तोंड दाखवायची लाज वाटते, त्यातल्या एकीला मी परवा चित्रं नसलेला मेल पाठवलाय.

मला काय हवंय ते लिहिते म्हणजे गोंधळ नको. ही तक्रार पुन्हा उघडा आणि ज्यांना "मल्टिपार्ट" शब्द पहिल्यांदा ऐकून होल्डवर जावं लागत नाही अशा माणसाकडे द्या. दुरुस्ती होईपर्यंत जुनं व्हर्जन वापरायची सोय करून द्या. न दिसणारी चित्रं निदान अटॅचमेंटच्या यादीत तरी दाखवा आणि फॉरवर्ड करताना ती गाळणं आजच्या आज बंद करा. महिनाअखेरपर्यंत काही झालं नाही तर उरलेल्या वर्गणीचे पैसे परत मागणार आहे, नाही दिलेत तर ग्राहक आयोगाकडे जाईन, आणि तिथे तुमच्या होल्डच्या संगीतासकट सगळं सांगेन.

दुसरा चाचणी मेल फाइल म्हणून जोडलाय. तो तुमच्याच ॲपमध्ये उघडा. त्यात चित्र आहे, लाल आहे.

मला फोन करू नका. मेल करा. आणि त्यात चित्र घालू नका.

एक नऊ वर्षं जुनी ग्राहक