पाइप कुणी टाकले, तेही विचारा

महोदय,

गोव्यात पर्वरी, फोंडा, मडगाव, जिथे पाहावे तिथे इमारती उभ्या राहत आहेत. फ्लॅट घेणारा टाइल्सपासून पार्किंगपर्यंत सगळे निरखतो. पण पाणी, सांडपाणी, एसी आणि अग्निशमनाचे पाइप टाकणारा मेकॅनिकल कंत्राटदार कोण, हे कुणी विचारत नाही. बिल्डरही त्याला उशिरा बोलावतात, हे खरे दुखणे. स्लॅब ओतण्यापूर्वीच पाइपांसाठी स्लीव्ह, म्हणजे पाइप आरपार जायला मोकळ्या नळ्या, सोडायच्या असतात. त्या राहिल्या की मग कोअर कटिंग, म्हणजे तयार स्लॅबला यंत्राने भोक पाडणे, आणि त्यात एखादी सळई कापली गेली तर सांगणार कोण?

आपल्याकडची हवा दमट. एसीच्या थंड पाइपावरचे इन्सुलेशन एका सांध्याला जरी उघडे राहिले तरी थेंब धरतात, फॉल्स सीलिंगवर पिवळा डाग उमटतो आणि लोक गच्ची गळते म्हणून डांबर फासत बसतात! पाइप भिंतीत बुजवण्यापूर्वी दाबाची चाचणी व्हायला हवी. गिलाव्याची घाई असली की नेमकी तीच गाळली जाते.

२०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्यातील कलम १४ नुसार ताब्यापासून ५ वर्षांच्या आत कारागिरीतील किंवा सेवांतील दोष दाखवून दिल्यास बिल्डरने तो ३० दिवसांत विनाखर्च दूर करायचा असतो. सोसायट्यांनी चाचणीचे अहवाल आणि प्रत्यक्ष टाकलेल्या पाइपांचे नकाशे आधीच मागून घ्यावेत. नाहीतर गळती शोधायला भिंतभर छिन्नी चालवावी लागते.

– एक वाचक, फोंडा