मंत्रीसाहेब, त्या निगेटिव्हमध्ये कला होती

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

परवा एका सरकारी कार्यालयातून खोका घरी आला. माझ्या वडिलांनी १९५२ ते १९६१ मध्ये स्टुडिओत काढलेल्या तमाशातल्या नर्तकींच्या २१२ निगेटिव्ह. प्रदर्शनासाठी नेतो, तीन महिन्यांत परत देतो असं लिहून दिलेलं, आल्या चौदा महिन्यांनी, आणि प्रदर्शन झालंच नाही. खोका उघडला तर व्हिनेगरसारखा आंबट वास, फिल्म वाकडीतिकडी झालेली, आणि ओल लागून निम्म्याहून जास्त एकमेकींना चिकटलेल्या, सोडवायला गेलं की वरचा थरच निघून येतो. फोन केला तर तिथले साहेब म्हणाले, "अहो जाहिरातीचे फोटो ते, त्यात कला कसली?"

जाहिरातीचेच होते, मान्य. हँडबिलावर छापायला फडमालक काढून घ्यायचे. पण बाबा एका फोटोला दोन-दोन तास लावायचे. गिरकीत बाई हलली की फोटो गेला, म्हणून पाय टेकलाय पण पदर अजून हवेत आहे तेवढाच क्षण धरायचा. तो क्षण मला नाही, तिला कळायचा असं बाबा सांगायचे, ती मानेनं खूण करायची आणि बाबा कॅमेऱ्याचं शटर उघडणारा रबरी बल्ब दाबायचे. मग रात्री निगेटिव्हवर पेन्सिलनं रिटचिंग. चेहऱ्यावरचे डाग घालवायचे, पण घोट्यावरचे घुंगरांचे वळ त्यांनी कधी पुसले नाहीत. ही कला नाही तर काय आहे हो?

बार्बरा मॉर्गन या अमेरिकन फोटोग्राफर बाईनं १९४० मध्ये मार्था ग्रॅहम या तिथल्या नामवंत नर्तकीचे असेच ठरवून, दिवे लावून फोटो काढले, ते आज म्युझियममध्ये आहेत. आमच्या बायका लावणी करायच्या म्हणून त्यांच्या नशिबी खोका? आपलाच १९५७ चा कॉपीराइट कायदा फोटोला कलाकृती म्हणतो, दर्जा असो वा नसो. आणि १९७२ चा पुरावस्तू कायदा १०० वर्षं झाल्याशिवाय अशा वस्तूला पुरावस्तू मानत नाही. म्हणजे १९५५ ची निगेटिव्ह २०५५ पर्यंत थांबणार! ती फिल्म आत्ताच सडतेय, तिला कोण सांगणार थांब म्हणून? लावणीच्या नावानं महोत्सव होतात, बॅनरवर तुमचे हे एवढे मोठे फोटो लागतात, आणि जिनं उभं आयुष्य नाचून काढलं तिचा एक फोटो सांभाळायला सरकारकडे कोरडं कपाट नाही. लाज वाटायला पाहिजे साहेब, सगळ्यांनाच.

साधारण ८० निगेटिव्ह अजून सुट्या आहेत. त्या ताबडतोब स्कॅन करायला जाणकार माणूस पाठवा आणि चिकटलेल्यांचं काय करायचं ते त्यालाच ठरवू द्या, कार्यालयातल्या कोणाला नको. वासामुळे खोका गॅलरीत ठेवलाय, पाऊस यायच्या आत कळवा.

एका फोटोग्राफरची मुलगी